अस्तानाची बैठक आणि आकारामकाकांचा लेथ

आमच्या वर्कशॉपच्या केबिनमध्ये एकाच खिळ्यावर दोन गोष्टी टांगल्या होत्या. खाली पंचांगाचं कॅलेंडर आणि त्याच्यावर मी लावलेला मध्य आशियाचा नकाशा. अष्टमी-चतुर्दशी बघायची असली की पप्पा नकाशाचं खालचं टोक धरून वर उचलायचे आणि म्हणायचे, "तुझा कझाकस्तान जरा सरकव, तिथी बघू दे." हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं ते त्या खिळ्यापासूनच सुरू झालं.

मी ऐश्वर्या. २०२४ च्या जूनमध्ये दहावीत गेले. वर्कशॉप कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत आहे. पंचतारांकित म्हटलं की बाहेरगावच्या लोकांना हॉटेल वाटतं. आमच्यात एक पत्र्याची शेड, एक संगणकावर चालणारं सीएनसी मशीन, लोखंड फिरवत कापणारे दोन जुने लेथ आणि कूलंटच्या तेलकट पाण्याचा वास एवढंच आहे. शिरोलीच्या फौंड्रीतून ओतीव लोखंडाचे खडबडीत व्हॉल्व्ह येतात, आम्ही ते आतून-बाहेरून कापून, घासून मापात आणतो. मशीनवर आदर्शदादा असतो. आणि लेथवर आकारामकाका.

आकारामकाका म्हणजे आमचे टर्नर. एकतीस वर्षं आमच्यात आहेत. आमचं वर्कशॉप शिवाजी पेठेतल्या एका अंधाऱ्या गाळ्यात होतं, तेव्हा आप्पांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, त्यांना ठेवलं. पप्पा तेव्हा शाळेत होते. लोखंड कापायच्या टूलला धार कशी लावायची हे पप्पांना काकांनी शिकवलं, त्यामुळं पप्पा मालक झाले तरी काका त्यांना "अभी" म्हणूनच हाक मारायचे. बाहेरचे पाहुणे असले तरी "अभी, चहा सांग की." नवीन गिऱ्हाईक बुचकळ्यात पडायचं, इथं मालक नक्की कोण.

व्हॉल्व्हच्या पोटात एक गोल बैठक असते, जिच्यावर झडप टेकते. तिथं केसाइतकी जरी फट राहिली तरी गॅस गळतो. आमची सीएनसी नव्वद टक्के काम करते, पण ती बैठक शेवटी काका लेथवर हातानं करायचे. डोळे मिटून. आवाज ऐकून. मी लहानपणापासून ते बघत आलेय आणि मला अजून कळलेलं नाही की ते नक्की काय ऐकतात.

आता एक रीत सांगते. आम्ही जैन. भाद्रपदात आमचं दहा दिवसांचं पर्व असतं, त्या दिवसांत घरी कांदा-बटाटासुद्धा येत नाही. काका सिद्धनेर्लीचे, रविवारी मटण नसेल तर त्यांचा आठवडा पूर्ण होत नाही. पण आमच्या पर्वाचे दहा दिवस काकांच्या डब्यात अंडं नाही, मटण नाही, कांदा-लसूणही नाही. कुणी सांगितलं नव्हतं. आप्पा आणि ते एका बाकावर बसून जेवायचे म्हणून त्यांनी आपणहून सुरू केलं. आणि मग आप्पांनी आपणहून दुसरं सुरू केलं. नागपंचमीला आमच्यात काही कापायचं नाही. काकांच्या घरी त्या दिवशी विळी उचलत नाहीत, तवा ठेवत नाहीत, शेतात कुदळ घालत नाहीत, कारण जमिनीखालच्या जिवाला इजा होऊ नये. तर आमच्या वर्कशॉपमध्येही त्या दिवशी टूल लोखंडाला लागत नाही. शेड उघडी असते. मशीन पुसायची, तेल घालायचं, काका लाह्या आणतात, लेथच्या पत्र्यावर गंधानं नाग काढतात, सगळे लाह्या खातात आणि दुपारी घरी जातात. माझ्या जन्माच्या आधीपासून असंच.

आता माझं सांगते. आठवीपर्यंत मी वर्गात हात वर केलेला मला आठवत नाही. नववीत कदम बाईंनी मला जबरदस्तीनं वक्तृत्वात ढकललं आणि काय झालं कुणास ठाऊक, मला वाचा फुटली. जुलैमध्ये जिल्हास्तरीय स्पर्धेत माझा विषय होता, "तेल नसलेला देश". पहिली आले. ढाल एवढी मोठी की रिक्षात मला ती मांडीवर घेऊन बसावं लागलं.

विषय मी उगाच निवडला नव्हता. पुण्याचे ऋतुराज सर एका जपानी कंपनीसाठी इकडून माल बघायचे आणि त्यांनी आमच्याकडं नमुन्याचे तीन व्हॉल्व्ह मागितले होते. कुठं जाणार, तर मध्य आशियातल्या एका गॅसच्या कारखान्यात, जो जपानी लोक बांधणार होते. मी शोधायला लागले आणि वेडीच झाले. बघा, जपानकडं स्वतःचं तेल जवळजवळ नाहीच. त्यांचं बहुतेक तेल होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून जहाजानं येतं. तिथं दोघं भांडले की टोकियोत काळजी. म्हणून ते सगळीकडं मैत्री करत फिरतात. २००४ पासून त्यांनी मध्य आशियातल्या पाच देशांशी बोलणं लावलंय. गंमत म्हणजे त्या देशांना समुद्रच नाही, तिथलं तेल जहाजात घालून आणणार कुठून? पण एका बाजूला रशिया, एका बाजूला चीन, आणि मध्ये हे पाच देश गॅस आणि युरेनियमवर बसलेले. जपान तिथं मोठ्यानं बोलत नाही. कारखाना बांधून देतो, माणसं शिकवतो आणि वाट बघतो. आणि आता वीस वर्षांनी पहिल्यांदा जपानचे पंतप्रधान स्वतः पाचही देशांच्या प्रमुखांना भेटायला कझाकस्तानात, अस्तानाला जाणार होते. नऊ ऑगस्टला निघणार. सोबत कंपन्यांची माणसं, करारांच्या फायली. त्यातल्या एका फायलीच्या शेपटाला आम्ही, कागलवाले, लटकलेलो.

मी घरी हे सगळं इतक्या वेळा सांगितलं की आई पोळ्या लाटता लाटता राजधान्या म्हणायला लागली. पप्पा तर मला विचारायलाच लागले. "ऐश्वर्या, तुझं जपान काय म्हणतंय?" मला कुणी काही विचारतंय ही गोष्टच माझ्यासाठी नवी होती. आणि ती फार चटकन अंगात भिनते, हे मी आता सांगू शकते.

सोमवारी, पाच ऑगस्टला, ऋतुराज सरांचा फोन आला. जपानी इंजिनियर पुण्यात आलेत. शनिवारी दुपारी बारापर्यंत तिन्ही नमुने पुण्यात हवेत, इंजिनियर तपासून रिपोर्ट पाठवतील, अस्तानात करार झाला की लगेच ऑर्डर. आमच्यासारखी अजून दोन वर्कशॉप रांगेत होती. पप्पांनी मनात हिशेब केला, फौंड्रीतलं कास्टिंग बुधवारी येणार, गुरुवार-शुक्रवार काम, शनिवारी पहाटे गाडी. हो म्हणून टाकलं. फोनवर बोलताना ते खिळ्यासमोरच उभे होते. त्यांच्या नजरेसमोर अस्ताना होतं. खाली शुक्रवारच्या चौकटीत काय छापलंय ते माझ्या नकाशानं झाकलेलं.

कास्टिंग बुधवारी आलंच नाही. पाऊस लागलेला, गाडी अडकली, गुरुवारी दुपारी एकला माल उतरला. मी शाळेतून थेट वर्कशॉपला आले होते. काकांनी एक व्हॉल्व्ह हातात घेऊन उलटा-सुलटा केला, बोटानं टिचकी मारून ऐकला, आणि मग सरळ केबिनमध्ये येऊन नकाशा वर उचलला.

"अभी, उद्या पंचमी हाय."

पप्पांनी कॅलेंडरकडं बघितलं आणि मग खुर्चीत बसले. मग काकांनीच तोड काढली. आज संध्याकाळपर्यंत मशीनची जुळवाजुळव करून ठेवायची. उद्या टूल लावायचं नाही. शनिवारी पहाटे चारला ते स्वतः येतील, आदर्शला घेऊन दोन्हीकडं काम लावतील, अकराला गाडी सुटेल, तीन-साडेतीनला पुण्यात. "तीन-चार तास उशीर व्हतोय म्हून सांग त्या सायबाला. मानूस हाय, राक्षस न्हाय."

पप्पांनी फोन उचललाही होता. मी अजूनही तो क्षण डोळ्यांसमोर आणू शकते, त्यांचा अंगठा नंबरावर होता.

आणि मी बोलले. ढाल जिंकलेल्या आवाजात. मी म्हणाले, पप्पा, जपानी माणसाला चार तास उशीर सांगणं म्हणजे ऑर्डर दुसऱ्याच्या हातात देणं. तिथं रेल्वे मिनिटभर उशिरा आली तर माफी मागतात. तिथं काम असलं कशासाठी थांबत नाही. इथवर ठीक होतं, म्हणजे चूक होतं पण ठीक होतं. पुढचं मात्र मी बोलायला नको होतं.

"आणि आपण जैन आहोत, पप्पा. आपल्याला कुठं लागू आहे नागपंचमी? मशीनला कुठं तिथी कळते?"

काका दारातच उभे होते. पप्पांनी त्यांच्याकडं बघितलं नाही, माझ्याकडंही नाही. फोन टेबलावर पालथा ठेवला. मग टेबलाकडं बघतच म्हणाले, "काका, उद्या तुम्ही सुट्टी घ्या. मशीन आदर्श बघेल, बैठका मी करतो. एक वर्षाचा प्रश्न आहे."

काकांनी मान हलवली. भांडले नाहीत, आवाज चढवला नाही. एरवी चहात साखर कमी पडली तरी अख्ख्या शेडला ऐकू जाईल असं बोलणारा माणूस. माझ्याजवळून जाताना थांबून म्हणाले, "बरोबर हाय की, पोरी. मशीनला कुटं कळतंय." आणि मला, खरं सांगते, वाटलं की त्यांना पटलं.

शुक्रवारी शाळेला नागपंचमीची सुट्टी होती. नागपंचमीच्या सुट्टीवर असलेली मुलगी नागपंचमी मोडायला पप्पांच्या गाडीतून कागलला निघाली, आणि ह्यात काही विचित्र आहे हे तिच्या डोक्यातही आलं नाही. आठला आदर्शदादानं मशीन सुरू केलं. तोही जरा घुटमळला. त्यानं आधी मशीनला हात लावून नमस्कार केला, मग पप्पांकडं बघितलं, पप्पांनी मान हलवली आणि टूल लोखंडाला लागलं. नागपंचमीचा तो आवाज मी पहिल्यांदा ऐकत होते. रोजचाच आवाज, पण शेडमधलं कुणी नेहमीसारखं बोलत नव्हतं.

साडेनऊला काका आले. धुतलेला सदरा, कपाळाला गंध, हातात लाह्यांची पिशवी. सुट्टी घ्या म्हटलं होतं तरी आले, कारण पंचमीला ते दरवर्षी येतात. मशीन चालू होतं. ते मशीनजवळ गेले नाहीत. आपल्या लेथपाशी गेले, तो बंदच होता, पत्रा पुसला, बोटानं गंधाचा नाग काढला, चार लाह्या ठेवल्या. मग ड्रॉवर उघडून माप घ्यायचा व्हर्नियर काढला. तो त्यांचा स्वतःचा होता, पहिल्या पगारातून घेतलेला. रुमालात गुंडाळून खिशात घातला. उरलेल्या लाह्या पिशवीसकट केबिनच्या टेबलावर ठेवल्या.

"मालक, येतो."

बस. एकतीस वर्षांत पहिल्यांदा "मालक". पप्पा उभे राहिले, काही म्हणणार होते, पण तोवर काका गेटपाशी होते. मशीनच्या आवाजात हाक ऐकू गेली नसती असं पप्पा नंतर म्हणाले. मशीन बंद करता आलं असतं, हे आम्हा दोघांपैकी कुणीच म्हणालं नाही.

दहाच्या पुढं मी फोन बघत होते. जपान आपल्या साडेतीन तास पुढं. पंतप्रधान निघाले असतील, विमानाच्या शिडीवरचा फोटो येईल, तो मी पप्पांना दाखवीन, असा माझा बेत होता. फोटो आला नाही. बातमी आली. आदल्या दिवशी दक्षिण जपानात मोठा भूकंप झाला होता. तो मी वाचला होता, पण जपानात भूकंप म्हणजे आपल्याकडं पाऊस, असं समजून सोडून दिला होता. त्या भूकंपानंतर तिथल्या शास्त्रज्ञांनी इशारा दिला होता की समुद्राखालच्या एका लांबलचक खळग्यात याहून फार मोठा भूकंप होण्याची शक्यता नेहमीपेक्षा वाढली आहे. होईलच असं नाही. शक्यता. आणि तेवढ्यावर पंतप्रधानांनी परदेश दौरा रद्द केला. अस्ताना रद्द. वीस वर्षांतली पहिली बैठक रद्द.

मी ती बातमी तीनदा वाचली. मग पप्पांना दाखवली. दोन व्हॉल्व्हचं मशीनचं काम झालं होतं, तिसरा मशीनच्या पकडीत, चकमध्ये, अर्धा कापलेला. पप्पांनी आदर्शदादाला हातानंच थांब म्हणून खूण केली. मशीन थांबलं, आणि बाहेर पत्र्यावरचा पाऊस एकदम ऐकू यायला लागला.

दुपारी ऋतुराज सरांचा फोन आला. नमुने आता पाठवू नका, इंजिनियर आजच्याच विमानानं घरी निघालेत, त्यांचे आईवडील समुद्राकाठी राहतात. पुढचं काय ते कळवू. पप्पांनी सहज म्हणून विचारलं, की समजा उद्या आम्हाला चार तास उशीर झाला असता तर? सर म्हणाले, "मग काय, चाललं असतं की. त्यांचं विमान उद्या रात्रीचं होतं. बारा मी माझ्या सोयीनं सांगितले होते."

पप्पा मला रागावले नाहीत. रागावले असते तर मी उत्तर तरी दिलं असतं. टेबलावरच्या लाह्या कुणी खाल्ल्या नाहीत, त्या तिथंच सादळल्या.

शनिवारी काका आले नाहीत. सोमवारी नाहीत. पप्पांनी फोन केला तर गुडघा दुखतोय म्हणाले. दुसऱ्यांदा केला तर झुंबरकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, उचलला आणि जेवायला बसल्यात म्हणाल्या. दुपारचे चार वाजले होते. काकांच्या जागी पप्पा स्वतः लेथवर उभे राहायला लागले. दुसऱ्या एका गिऱ्हाइकाच्या मालात सहा व्हॉल्व्हच्या बैठका चुकल्या, सगळे परत आले. आई म्हणाली जा आणि घेऊन या त्यांना. पप्पा म्हणाले जाईन, जाईन. तोंड दाखवायची लाज वाटत होती त्यांना, हे आईला कळत होतं आणि मलाही. आणि "ऐश्वर्या, तुझं जपान काय म्हणतंय?" हे त्यांनी विचारणं बंद केलं.

जपान काय म्हणत होतं ते मी एकटीच वाचत होते. आठवडाभर तो सगळा देश एका न आलेल्या भूकंपासाठी थांबून होता. कुठं समुद्रकिनारे बंद, कुठं रेल्वे मुद्दाम हळू, दुकानांतून पाण्याच्या बाटल्या संपलेल्या. पंधरा तारखेला इशारा मागं घेतला. भूकंप आला नाही. मी शोधत होते की त्यांच्या पंतप्रधानांना कुणी असं म्हणालं का, की बैठकीला कुठं भूकंप कळतो. टीका केली असेल कुणी, पण असं कुणी म्हटलेलं मला सापडलं नाही. माझ्या भाषणात एक वाक्य होतं, ज्याला टाळ्या पडल्या होत्या, की जपान कशासाठीही थांबत नाही. ते वाक्य आठवलं की माझे कान गरम व्हायचे.

मग आमचं पर्व आलं. आठव्या दिवशी रविवार होता. काकांचा जेवणाचा डबा, तीन पुडांचा, वर्कशॉपच्या फळीवर गुरुवारपासून राहिला होता, म्हणजे त्या गुरुवारपासून. मी तो घासून घेतला आणि आईला सांगून एकटीच निघाले. आधी कागल, तिथून मुरगूडच्या एसटीनं सिद्धनेर्ली. काय बोलायचं ते एसटीत पाठ करत होते. प्रस्तावना, तीन मुद्दे, समारोप. सवय वाईट.

गौरी-गणपती विसर्जन होऊन तीन दिवस झालेले, त्यात रविवार. काकांच्या गल्लीत शिरले तर घराघरातून मटणाच्या रश्श्याचा वास. झुंबरकाकू दारातच बसल्या होत्या. मला बघून आधी ओळखलंच नाही, मग म्हणाल्या, "अगं बया, आप्पांची नात न्हवं? ये की आत. एकटीच आलीस व्हय?" डबा हातात घेतला, उघडून बघितला, आणि चुलीकडं गेल्या. तेव्हा मला आठवलं की कुणाचं भांडं रिकामं परत द्यायचं नसतं. एवढं सगळं पाठ करून आले, आणि डबा रिकामा.

काका मागच्या पडवीत कुऱ्हाडीला दांडा बसवत होते. गुडघा ठणठणीत होता. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि काम चालू ठेवलं. माझी प्रस्तावना एसटीतच राहिली. मी नुसतं म्हणाले, काका, मी चुकले. त्यांनी ऐकलं की नाही कळेना. दांड्याची पाचर बसवत त्यांनी विचारलं,

"तुज्या जपानात आला काय मग भूकंप?"

"नाही."

"मग त्यो त्यांचा मोठा मानूस गेला का न्हाय बैठकीला?"

"नाही अजून. पुढं ढकललीय."

"म्हंजे नुसतं येईल म्हून घरात बसला."

"हो."

काकांनी दांडा ठोकून बघितला. "शाना हाय," म्हणाले. "जमिनीखालचं कुनाला दिसतंय? दिसत न्हाय म्हून जपायचं असतंय." मग पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "तू ल्हान हाईस. तुझं मी मनावर घेतलं न्हाय. तू बोललीस, पर फोन कुनी पालथा ठिवला?"

उत्तर मला माहीत होतं, पण ते द्यायचं काम माझं नव्हतं.

काकूंनी आतून जेवायला हाक मारली. ताटात डाळ, भात, दोडक्याची भाजी. मी नको म्हणत होते, आमचं पर्व आहे, बाहेरचं चालत नाही, असं पुटपुटले. काकू कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "खा गप. कांदा न्हाय, लसून न्हाय, बटाटा न्हाय, दिवस बुडायच्या आत हाय. समदी गल्ली रस्सा वरपालीया आनि आमच्यात आठ दिस झालं ही डाळ. म्या म्हनलं आता तितं जात न्हाईसा, मग कशाला? तर म्हन्त्यात, मी जात न्हाय, त्यांचं पर्व तर हाय न्हवं?"

काका खाली मान घालून भात कालवत होते. मीही भात कालवायला घेतला.

निघताना काकूंनी डबा भरून दिला. काका रस्त्यापर्यंत आले नाहीत.

घरी आले तेव्हा पप्पा नुकतेच जेवायला बसत होते. मी डबा त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो ओळखला. वरचा पूड उघडून डाळीचा वास घेतला, बोटानं चाखून बघितली, आणि त्यांना काही सांगावं लागलं नाही, कारण असाच डबा त्यांनी एकतीस भाद्रपद बघितलाय. मी फक्त एवढंच सांगितलं, की काकांनी विचारलंय, फोन कुणी पालथा ठेवला. पप्पा तसेच उठले, गाडीची किल्ली घेतली. दारात थांबून म्हणाले, चलतेस का, तू नीट बोलतेस. मी नाही म्हणाले. वक्तृत्वात पडल्यापासून पहिल्यांदाच मी बोलायची संधी सोडली.

दोन तासांनी आले ते एकटेच. डोळे लाल होते. "तुमचे दहा दिवस होऊ देत म्हणाले. बुधवारी येतो. दिवाळीपर्यंत. आदर्शला बैठक शिकवून मोकळा होतो म्हणाले." आईनं विचारलं, आणि दिवाळीनंतर? पप्पा हात धुवायला गेले.

बुधवारी काका आले. व्हर्नियर रुमालातून काढून ड्रॉवरमध्ये ठेवला. लेथच्या पत्र्यावर त्या दिवशीचा गंधाचा नाग अजून पुसट होता, आम्ही कुणी पुसला नव्हता. मी नकाशा वेगळ्या खिळ्यावर लावलाय, दाराच्या मागं. तीन व्हॉल्व्ह प्लास्टिकमध्ये गुंडाळून वरच्या फळीवर आहेत. ऋतुराज सर म्हणतात, बैठक कधीतरी होईलच, जपानी माणूस दिलेला शब्द सोडत नाही, फक्त थांबतो.

काका आदर्शदादाला शेजारी उभं करून डोळे मिटायला लावतात आणि विचारतात, ऐकू आलं काय? तो म्हणतो, काय? ते म्हणतात, मग उघडू नको. शेडमध्ये हसणं परत आलंय. पप्पाही हसतात. शनिवारी शाळा लवकर सुटली की मी तिकडंच जाते, केबिनमध्ये पुस्तक उघडून बसते, पण लक्ष बाहेर असतं. दुपारी चहाची वेळ होते. काका लेथ बंद करतात, हात पुसतात, आणि केबिनच्या दिशेनं बघून हाक मारतात. दर वेळी मी पुस्तकातून मान वर करते, आता तरी "अभी" ऐकू येईल म्हणून.

"मालक," ते म्हणतात, "चहा सांगा."